राज्यसेवा की युपीएससी? दोन्हींचं सामान्य अध्ययन शेजारी ठेवून पाहिलं तर

२०२५ च्या जाहिरातीपासून एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुपर्यायीची वर्णनात्मक झाली आणि तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर पडतंय: ‘आता काय, दोन्हींचा अभ्यास एकच!’ क्लासवाले हे सांगतात, अभ्यासिकेतले सीनियर सांगतात आणि घरच्यांना तर ते ऐकायला फारच आवडतं. वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं नीट न पाहता दोन वर्षं घातली तर पूर्व परीक्षेच्या निकालात ते कळतं, आणि तोवर वय वाढलेलं असतं.

आधी खरा भाग. कागदावर दोन्ही मुख्य परीक्षा आता जुळ्या आहेत. मराठी (किंवा भारतीय भाषा) आणि इंग्रजी हे ३०० गुणांचे दोन पात्रता पेपर, त्यात २५ टक्के पडले की झालं. निबंध २५० गुणांचा. सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०. वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. गुणवत्तेसाठी धरले जाणारे गुण १७५०, मुलाखत २७५, एकूण २०२५. युपीएससीत हा ढाचा २०१३ पासून आहे. एमपीएससीने तो २०२२ मध्ये जाहीर केला, २०२३ पासून लागू करायचं ठरवलं, त्यावर पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अंमलबजावणी २०२५ वर ढकलली गेली.

चारही पेपरांची नावंसुद्धा तीच. पहिला वारसा, इतिहास, भूगोल, समाज. दुसरा राज्यघटना, शासन, सामाजिक न्याय, आंतरराष्ट्रीय संबंध. तिसरा अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान, पर्यावरण, आपत्ती, सुरक्षा. चौथा नीतिशास्त्र. फरक एवढाच, की राज्यसेवेच्या अभ्यासक्रमात महाराष्ट्राला वेगळं वजन दिलेलं आहे. हे वजन किती जड आहे ते पुढे येईलच, पण त्याआधी पूर्व परीक्षेबद्दल बोलायला हवं. माझ्या मते निवड तिथेच होते.

पूर्व परीक्षा: दिसायला सारखी, चालीने वेगळी

दोन्हीकडे पहिला पेपर १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. दोन्हीकडे सीसॅट, म्हणजे उतारे, गणित आणि तर्क यांचा दुसरा पेपर, ८० प्रश्नांचा, ३३ टक्क्यांना पात्र. चुकलेल्या उत्तराची किंमत मात्र वेगळी: युपीएससी एक तृतीयांश गुण कापते, एमपीएससी एक चतुर्थांश. म्हणजे दोन गुणांच्या एका चुकीला तिकडे ०.६६ आणि इकडे ०.५० जातात. तीस चुका धरल्या तर वीस विरुद्ध पंधरा. एवढ्या फरकाने जोखीम घ्यायची सवयच बदलते. राज्यसेवेत दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोनांत उडी मारणं बहुतेक वेळा परवडतं. युपीएससीतही गणिताने परवडतं, पण तिथे दोन पर्याय बाद करणंच कठीण.

कारण युपीएससीचा प्रश्न तुमच्या माहितीपेक्षा तुमच्या खात्रीची परीक्षा घेतो. २०२३ पासून ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत’ या धाटणीचे प्रश्न मोठ्या संख्येने आले आणि पर्याय बाद करण्याची जुनी युक्ती बोथट झाली. त्या वर्षी खुल्या गटाचा कट ऑफ २०० पैकी ७५.४१ वर आला, २०२४ मध्ये तो ८७.९८ होता. देशभरातले पुढे गेलेले बरेच उमेदवारसुद्धा निम्म्या गुणांच्या आत थांबतात. अर्धा पेपर येत नाही हे गृहीत धरून शांत बसायचं, ही तिथली तयारी. ज्यांना दहावी-बारावीत नव्वद टक्के पडायची सवय आहे, त्यांना हेच सगळ्यांत जड जातं.

राज्यसेवेची पूर्व परीक्षा तथ्यांवर जास्त उभी असते. जोड्या लावा, कालानुक्रम लावा, कोणत्या समितीने काय शिफारस केली, कोणत्या जिल्ह्यात कोणता प्रकल्प. सामान्य विज्ञान थेट शालेय पुस्तकांतून येतं: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, आरोग्य. युपीएससीत विज्ञान म्हणजे बहुतांशी बातमीतलं तंत्रज्ञान. लिटमसचा रंग तिथे क्वचितच कोणी विचारतं. त्यामुळे राज्य मंडळाची पाचवी ते बारावीची पुस्तकं राज्यसेवेला सोडता येत नाहीत, तर युपीएससीवाल्याला त्यातली बरीचशी वाचून वेळ गेल्यासारखं वाटतं.

सीसॅटबद्दल थोडक्यात. युपीएससीचा सीसॅट आता नुसता औपचारिक राहिलेला नाही. गणित आणि इंग्रजी-हिंदी उतारे यांत कला शाखेची मुलं दरवर्षी अडकतात, आणि पहिल्या पेपरात कट ऑफ ओलांडूनही बाहेर पडतात. राज्यसेवेत उतारे मराठीत वाचता येतात आणि निर्णयक्षमतेच्या मोजक्या प्रश्नांना नकारात्मक गुण नसतात. मराठी माध्यमातून आलेल्याला ३३ टक्के इथे तुलनेने सुसह्य आहेत.

इतिहास

मुख्य परीक्षेत दोन्हीकडे सगळ्यांत जास्त सामायिक काय असेल तर इतिहास, आणि सगळ्यांत जास्त फसवणारा विषयही तोच. एक उदाहरण घेऊन बोलू: १८७५ चे दख्खनचे दंगे.

जुन्या, बहुपर्यायी राज्यसेवेसाठी याची तयारी म्हणजे सुपे हे गाव, १२ मे १८७५ ही तारीख, १८७९ चा दख्खन शेतकरी सुटका कायदा. संपलं. युपीएससीसाठी याच विषयावर दीडशे शब्दांत साखळी मांडावी लागते: रयतवारीत सरकारला थेट रोख सारा, अमेरिकेतल्या १८६१-६५ च्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव आणि त्या भावावर सहज मिळालेलं कर्ज, युद्ध संपल्यावर कोसळलेली किंमत, त्याच सुमारास झालेली सारावाढ, सावकाराने आखडता घेतलेला हात आणि मग कर्जरोख्यांच्या होळ्या. लंडन, मँचेस्टर आणि सुप्याचा भीमथडी तालुका एका उत्तरात यायला हवेत. तारीख चुकली तरी चालेल, कारणं चुकली तर नाही.

नव्या राज्यसेवेला दोन्ही लागणार. पूर्व परीक्षेला तारीख, मुख्यला साखळी. शिवाय इथे महाराष्ट्राचं वजन म्हणून अजून एक थर येतो: सार्वजनिक सभेने (स्थापना १८७०) शेतकऱ्यांची बाजू कशी मांडली, जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला तेव्हा सावकार-भट-सरकार या तिढ्याकडे कसं पाहिलं, १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड याच भागातून का उठलं. माझं मत असं, की हा तिसरा थर तयार केलेला उमेदवार युपीएससीतही पुढे राहतो. कारण तिथे देशभरातले हजारो जण तेच ते बंगालचं प्रबोधन आणि चंपारण लिहितात. परीक्षकाला राजर्षी शाहूंचा २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा आदेश योग्य ठिकाणी वाचायला मिळाला तर तो उत्तराचा भाग होतो, नुसती सजावट राहत नाही.

उलट दिशेने मात्र ही उधारी चालत नाही. फक्त महाराष्ट्राचे समाजसुधारक घोटलेल्या राज्यसेवावाल्याला जगाचा इतिहास, म्हणजे औद्योगिक क्रांती, महायुद्धं, वसाहतींचं स्वातंत्र्य, हा भाग कोरा असतो. जुन्या अभ्यासक्रमात तो नव्हताच. प्राचीन कला, मंदिरस्थापत्य, भक्ती परंपरेची तुलना यांचंही तेच. इथे शून्यापासून सुरुवात आहे आणि दोनेक महिने सहज जातात.

भूगोल आणि पर्यावरण

युपीएससीला जेट प्रवाह, एल निनो, भूकंपपट्टे, जगातली खनिजं. राज्यसेवेला हे सगळं, आणि वर सह्याद्रीपासून वैनगंगेपर्यंतचा नकाशा डोळे मिटून काढता यावा ही अपेक्षा. ३६ जिल्हे, ३५८ तालुके, कोकणच्या आखूड नद्या, पर्जन्यछायेचा पट्टा, रेगूर आणि जांभा मृदा, सहा व्याघ्र प्रकल्प.

पण पर्यावरण आणि आपत्ती व्यवस्थापन हा भाग असा आहे, की महाराष्ट्राची एक वही दोन्हीकडे जशीच्या तशी चालते. भूकंप म्हटला की कोयना, ११ डिसेंबर १९६७ आणि किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. दरड म्हटली की माळीण, जुलै २०१४ आणि इर्शाळवाडी, जुलै २०२३. पश्चिम घाटाच्या संरक्षणावर गाडगीळ समिती आणि कस्तुरीरंगन समिती यांचे दृष्टिकोन कुठे वेगळे होतात, जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत लोणार आणि नांदूर मध्यमेश्वर, वन हक्क कायद्यात गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आणि त्याला २००९ मध्ये मिळालेला सामूहिक हक्क. एवढं स्वतःच्या अक्षरात आठ-दहा पानांत बसतं, आणि दोन्ही आयोगांच्या तिसऱ्या पेपरात कामाला येतं.

राज्यघटना, पंचायत राज, शासन

घटना तीच, कलमं तीच. इथे दोन्हींचा अभ्यास खरोखर एक आहे, फक्त राज्यसेवेला पंचायत राज खूप खोल जातं. युपीएससीवाला बलवंतराय मेहता समिती (१९५७) आणि ७३ वी घटनादुरुस्ती यांवर थांबतो. राज्यसेवावाल्याला वसंतराव नाईक समिती, १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा, १ मे १९६२ पासून सुरू झालेली त्रिस्तरीय रचना, पुढे बोंगिरवार आणि पी. बी. पाटील समित्या आणि २०११ पासून महिलांना पन्नास टक्के जागा, इथवर जावं लागतं. गटविकास अधिकारी आणि उपमुख्य कार्यकारी अधिकारी ही पदंच या परीक्षेतून भरायची, त्यामुळे ही खोली रास्त आहे.

युपीएससीच्या उत्तरात याचा उपयोग कसा होतो? हक्कांवर आधारलेल्या योजनांवर प्रश्न आला, तर बहुतेक उत्तरं २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यापासून सुरू होतात. महाराष्ट्राने तो हक्क १९७७ च्या कायद्याने दिला होता, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, आणि त्यामागे १९७२ चा दुष्काळ होता. हे दोन वाक्यांत लिहिलं की उत्तराला तुमची स्वतःची जमीन मिळते. प्रादेशिक असमतोलावर लिहिताना कलम ३७१(२) आणि १९९४ ची वैधानिक विकास मंडळं यांचंही तसंच.

जुन्या पद्धतीत चार-चार मुख्य परीक्षा दिलेल्यांसाठी एक सूचना. तुमचा ‘मानव संसाधन विकास व मानवी हक्क’ हा जुना तिसरा पेपर वाया गेलेला नाही. शिक्षण, आरोग्य, वंचित घटक, आयोग, करार हा मजकूर आता दुसऱ्या पेपरातल्या सामाजिक न्यायात वापरायचा. फक्त तो पाठ केलेल्या ओळींत आहे, तो परिच्छेदांत आणायला लागेल. कृषी घटकाचं मात्र दुःख करू नका. पूर्वी पानोपानी मृदा-खतं केलेली असतील तर आता त्यातला अर्थव्यवस्थेशी जोडलेला भागच कामाचा.

अर्थव्यवस्थेत फार वेगळं काही नाही. केंद्राची आर्थिक पाहणी दोन्हीकडे, राज्याची आर्थिक पाहणी राज्यसेवेला जास्तीची. सहकार, साखर, सिंचन यांवर तयारी ठेवा. आंतरराष्ट्रीय संबंध आणि अंतर्गत सुरक्षा हे घटक राज्यसेवेतून आलेल्यांना सर्वांत परके वाटतात आणि त्यांवर मराठीत चांगलं वाचायलाही कमी मिळतं. नीतिशास्त्राचा चौथा पेपर दोन्हीकडे एकाच तयारीत होतो. वाळूमाफियासमोर उभ्या असलेल्या तहसीलदाराचं प्रकरण सोडवायला आपल्या मुलांना वेगळा क्लास लागू नये, पण लिहायचा सराव लागतो.

भाषा

याबद्दल फार जण उशिरा विचार करतात. युपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. पण सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते, पूर्व आणि मुख्य दोन्हींना. म्हणजे प्रश्न इंग्रजीत वाचायचा, डोक्यात मराठीत मांडायचा आणि वीस प्रश्न १८० मिनिटांत, म्हणजे प्रत्येकी नऊ मिनिटांत, देवनागरीत उतरवायचे. अशक्य नाही, मराठीतून लिहून लोक झालेत. मात्र दर्जेदार टेस्ट सिरीज, तपासून देणारा माणूस आणि चालू घडामोडींचं तयार साहित्य यांत मराठी माध्यमवाल्याला स्वतःची सोय स्वतःच करावी लागते. राज्यसेवेत प्रश्नपत्रिका मराठीत मिळते आणि तुमच्याबरोबर लिहिणारे बहुसंख्य मराठीतच लिहिणारे असतात. इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय अर्ध्या तासात वाचून होत नसेल, तर युपीएससीचा विचार करताना आधी सहा महिने त्यासाठी धरा.

वय, संधी, वेळापत्रक

युपीएससीत खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहा संधी, इतर मागासवर्गीयांना ३५ पर्यंत नऊ, अनुसूचित जाती-जमातींना ३७ पर्यंत संधींची मर्यादा नाही. पूर्व परीक्षेचा एक पेपर जरी दिलात तरी संधी खर्ची पडते. ‘अनुभव म्हणून बसून बघतो’ हा खुल्या गटातल्या मुलासाठी महागडा सल्ला आहे. अनुभव घरी घड्याळ लावूनही येतो. राज्यसेवेत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वय आहे, संधींची मर्यादा नाही. तिथे बसून बघायला काही जात नाही.

वेळापत्रकात युपीएससीचं पारडं स्पष्टपणे जड आहे. तारखा वर्षभर आधी येतात आणि सहसा पाळल्या जातात. करोना किंवा लोकसभा निवडणुकीसारखं मोठं कारण असेल तरच हलतात. राज्यसेवा २०२४ ची पूर्व परीक्षा एप्रिलमध्ये ठरली होती, ती ढकलत ढकलत १ डिसेंबरला झाली. २०२५ ची २८ सप्टेंबरला होती, मराठवाड्यातल्या पुरामुळे ९ नोव्हेंबरला गेली. कारणं प्रत्येक वेळी खरी असतील, पण खोलीभाडं आणि मेसचं बिल तर थांबत नाही. राज्यसेवा निवडताना हिशेबात सहा-आठ महिन्यांची जास्तीची तरतूद ठेवलेली बरी. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या प्रशिक्षण योजनांसाठी पात्र असाल तर त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. विद्यावेतन लागलं तर ही तरतूद सोपी होते.

जागा? युपीएससी २०२५ ची जाहिरात ९७९ जागांची, साऱ्या देशासाठी. एमपीएससीची त्याच वर्षीची संयुक्त जाहिरात ३८५ जागांची, त्यात खुद्द राज्यसेवेच्या १२७, बाकी वनसेवा आणि स्थापत्य. म्हणजे ‘राज्यसेवा सोपी’ असं म्हणायला आकड्यांत आधार नाही. उपजिल्हाधिकाऱ्याला पुढे पदोन्नतीने आयएएस मिळू शकतं, तो कोटा आहे, पण तिथवर जायला नोकरीची बरीच वर्षं जातात. तेवढ्यासाठी राज्यसेवा निवडू नये. आपल्याच राज्यात, आपल्या भाषेत काम करायचं असेल तर जरूर निवडावी.

मग कोणी काय करावं

पदवी नुकतीच झाली आहे, बावीस-तेवीस वय, इंग्रजी वाचन बरं आहे आणि घरून दोनेक वर्षांचा आधार आहे: पाया युपीएससीच्या मुख्य परीक्षेचा घाला, महाराष्ट्राची वही पहिल्या महिन्यापासून बाजूला चालू ठेवा. युपीएससीची पूर्व हुकली की त्याच पायावर तीन-चार महिने तथ्यं, शालेय विज्ञान आणि राज्याचा भूगोल चढवून राज्यसेवेची पूर्व द्या. पण एकाच हंगामात दोन्ही पूर्व परीक्षांची तयारी ‘बरोबरीने’ करू नका. दोन्हींची उजळणी वेगळी असते, आणि शेवटच्या दोन महिन्यांत फक्त उजळणीच होते.

वय एकोणतीसच्या पुढे, खुला गट, आधी जुन्या पद्धतीत राज्यसेवेची मुख्य दिलेली: राज्यसेवाच. उत्तरलेखन आजपासून, रोज दोन उत्तरं, कोणाकडून तरी तपासून. जगाचा इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांना वर्षाच्या सुरुवातीलाच वेळ द्या, शेवटी तो मिळत नाही.

नोकरी सांभाळून तालुक्याच्या गावात अभ्यास करणाऱ्यांना माझा सल्ला वेगळाच आहे: राज्यसेवेची पूर्व आणि गट ब, गट क ची संयुक्त पूर्व यांचा अभ्यास पुष्कळसा एकमेकांवर बसतो. आधी एक पद हातात येऊ द्या. वर्णनात्मक मुख्यसाठी लागणारा निवांतपणा पगार सुरू झाल्यावर जास्त मिळतो, असं मी पाहिलंय.

अजूनही ठरत नसेल तर दोन रविवार खर्च करा. पहिल्या रविवारी युपीएससीची २०२३ ची पूर्व, दुसऱ्या रविवारी राज्यसेवेची २०२४ ची, दोन्ही आयोगांच्या संकेतस्थळांवरून फुकट उतरवून, दोन तासांत, नकारात्मक गुणांसकट तपासून. एकूण गुणांपेक्षा चुका कशा झाल्या ते बघा. माहीतच नव्हतं म्हणून चुकलेले प्रश्न जास्त असतील तर ते वाचनाने भरून निघतात, परीक्षा कुठलीही असो. माहीत असूनही विधानांच्या घोळात चुकलेले जास्त असतील, आणि ते युपीएससीच्याच पेपरात असतील, तर यंदा राज्यसेवेचा अर्ज आधी भरा.